मामांची बारा सिलिंडरची: रामबागेतल्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५

मामांनी किल्ली हातात ठेवली. म्हणाले, "विकायची तर मी गेल्यावर वीक. चालवायची तर आत्ता चालव." मामा ब्याऐंशीचे आहेत, तेव्हा या 'आत्ता'ला वजन आहे.

गाडी म्हणजे जॅग्वार एक्सजे१२, सिरीज थ्री, १९८५ची. दिल्लीतल्या कुठल्याशा दूतावासाची होती. मामांनी लिलावात घेऊन इंदूरला आणली तेव्हा मी शाळेत होतो आणि अख्ख्या रामबागेनं, म्हणजे आमच्या मोहल्ल्यानं, ती गच्चीवरून पाहिली होती. पाच मीटरला दोन बोटं कमी अशी लांबी. आमच्या बोळात वळत नाही, कोपऱ्यापासून उलटी आणावी लागते. मागे उभं राहून "आने दो, आने दो" करणारा पोरगा मीच.

२०१७ पासून वाड्यामागच्या शेडमध्ये उभी आहे. कारण लेखी आहे. एका वर्कशॉपनं दिलेला कागद: हेड गॅस्केट (इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, आणि खालचा ठोकळा यांच्यामधलं सील) गेलं, इंजिन पूर्ण उघडावं लागेल, नाहीतर डिझेल इंजिन बसवून घ्या. खाली आकडा. तो इथे लिहीत नाही, कारण ही वही मामींच्या हाती लागू शकते.

तक्रारी तीन. घाटात हीट होते, ओढत नाही, काळा धूर सोडते. मामांचं म्हणणं एकच, "हेड गेलं असतं तर पाणी कमी झालं असतं. पाणी कधी कमी झालं नाही." याला त्या कागदात उत्तर नाही.

९ फेब्रुवारी

पेट्रोल काढलं. टाक्या दोन, मागच्या दोन्ही मडगार्डांत एकेक. टोपणं वेगळी, आणि कुठल्या टाकीतून प्यायचं त्याचं बटण डॅशबोर्डावर. उजवीतून निघालं ते काकवीच्या रंगाचं, वास वॉर्निशचा. डावी कोरडी आणि आतून गंजलेली. डावीची लाईन बंद केली, सध्या उजवीवरच चालवायची.

१६ फेब्रुवारी

उस्ताद आले. ॲम्बेसेडर, फियाट, मारुती सगळं उघडून झालेला माणूस, पण ही पहिलीच. बोनेट काचेच्या बाजूनं उघडून पुढे पडतं, त्यामुळे समोरून वाकायची सोय नाही. दोन्ही बाजूंनी मडगार्डांवर ओणवं व्हायचं. उस्ताद पाच मिनिटं नुसते बघत राहिले, मग म्हणाले, "भिया, इंजन कहाँ है?"

प्रश्न रास्त आहे. वरून दिसतात त्या नळ्या, वायरी आणि एसीचा कॉम्प्रेसर. इंजिन त्या सगळ्याच्या खाली आहे: ५३४३ सीसी, म्हणजे एकेक सिलिंडर जुन्या साडेतीनशे सीसीच्या बुलेटपेक्षा मोठा, आणि असे बारा. वॉल्टर हॅसन आणि हॅरी मंडी यांच्या हातचं काम. १९७१ मध्ये आधी ई-टाइपमध्ये आलं, पुढच्या वर्षी या मोठ्या गाडीत. पेट्रोल पिण्याच्या सवयीमुळे याचं उत्पादनच बंद पडायचं होतं, पण स्विस इंजिनिअर मायकेल मे यांच्या डिझाइनची हेड १९८१ मध्ये बसली आणि वाचलं. त्या हेडमुळे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण दाबण्याचं प्रमाण, १२.५ ला १. पंपावर ९५ ऑक्टेनच्या खालचं भरायचं नाही, हे उस्तादांना दोनदा सांगितलं.

सिलिंडरच्या सहा-सहाच्या दोन तिरप्या रांगा (बँका) आहेत, त्यांच्या मधल्या खोबणीत उंदराचं घरटं निघालं. काथ्या, बोनेटखालच्या फेल्टचा कापूस, शेंगांची टरफलं आणि लग्नपत्रिकेचा तुकडा. त्यावर 'चि. सौ. कां.' एवढंच शिल्लक, पुढचं नाव खाल्लेलं. शेजारी पाण्याच्या टेंपरेचर सेन्सरच्या दोन्ही वायरी तोडलेल्या. तो सेन्सर तुटला की इंजेक्शनच्या कॉम्प्युटरला इंजिन बर्फासारखं गार वाटतं आणि तो पेट्रोल ओतत राहतो. काळ्या धुराचा एक संशयित सापडला. मात्र गाडी धूर २०१७ मध्येही सोडत होती आणि टरफलं ताजी दिसतात. हा आरोपी नंतरचा आहे.

२३ फेब्रुवारी

आज फक्त प्लग आणि कॉम्प्रेशन, असं सकाळी पोहे खाताना ठरवलं होतं. संध्याकाळचे सात वाजले.

मागचे दहा सरळ निघाले. पुढचे दोन, १ए आणि १बी (ए आणि बी या दोन रांगांतले पहिले), एसी कॉम्प्रेसरच्या पोटाखाली दडलेले आहेत. कॉम्प्रेसरचे बोल्ट सोडले, गॅसच्या नळ्यांना हात न लावता तो उचलून लाकडी ठोकळ्यावर टेकवला, तेव्हा कुठे पाना शिरला. दोन प्लगांना दीड तास. निघाले ते गंजलेले आणि बाकीच्या दहांपेक्षा वेगळ्या छापाचे. मामांच्या बिलांच्या फाईलमध्ये 'प्लग १२ नग' तीनदा आलं आहे. तिन्ही वेळा पैसे बारांचे आणि प्लग दहा. मामांना दाखवलं. ते काही बोलले नाहीत, फाईल मात्र आत घेऊन गेले.

नवे प्लग बसवताना: बैठक निमुळती आहे, वॉशर नाही, हेड ॲल्युमिनियमचं. ताण ८ पाउंड-फूट. म्हणजे मनगटाचं काम, दंडाचं नाही. उस्तादांच्या हातातून पाना काढून घेतला.

कॉम्प्रेशन: सगळे बारा १९५ ते २१५ पीएसआयच्या (दाबाचं माप) मध्ये. उस्तादांनी गेज झटकलं, ५बीला परत लावून बघितलं. तेच. आठ वर्षं उभ्या असलेल्या आणि 'हेड गेलेल्या' इंजिनाचे हे आकडे आहेत. उद्या कागदाची झेरॉक्स काढून शेडमध्ये लावणार आहे.

२ मार्च

पेट्रोलचे पाईप. इथे घाई आणि काटकसर दोन्ही बंद.

इंजेक्टर बारा, आणि रेलपासून (पेट्रोल वाटणाऱ्या मुख्य नळीपासून) प्रत्येकाला दोन-अडीच इंचाचा रबरी पाईप. सगळे त्याच खोबणीच्या वर, जिथे इंजिन बंद केल्यावरही तासभर भट्टी असते. एक कापून वाकवला तर पापडासारखा मोडला. असा पाईप चालत्या इंजिनावर चिरला तर पेट्रोल थेट गरम धातूवर. या इंजिनाच्या गाड्या पेटतात त्या बहुतेक इथूनच.

सियागंज बाजारात तीन दुकानं पालथी घातली. 'पेट्रोल पाईप' म्हणून जो दाखवतात तो कार्ब्युरेटरच्या गाड्यांचा. तिथे दाब नावालाच असतो, इथे अडीच बार. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, त्यात जुनं रबर फुगतं आणि मऊ पडतं. शेवटी पाईपवर आर-९ (इंजेक्शनच्या पाईपांचं मानक) छापलेलं आहे याची खात्री करून बाहेरून मागवला. क्लिपाही गुळगुळीत पट्टीच्या. नेहमीच्या भोकाभोकांच्या क्लिपा आवळताना रबर किसून काढतात. बारा पाईप, चोवीस क्लिपा. तेविसावी आवळताना चोविसावी हातातून सुटून खोबणीत गेली. स्टेनलेसची, त्यामुळे चुंबक तिला ओळख दाखवेना. सायकलच्या स्पोकला आकडा करून काढली, पाऊण तास.

९ मार्च

उंदरानं खाल्लेल्या वायरी जोडल्या, तेल भरलं (जवळजवळ अकरा लिटर लागतं; दुकानदारानं विचारलं, ट्रॅक्टर आहे का). पंप फिरवून सगळे जोड कोरडे असल्याचं टॉर्चनं दोनदा पाहिलं. सेल्फ मारला. चौथ्या प्रयत्नाला बारा सिलिंडर एकदम नाही, टप्प्याटप्प्यानं जागे झाले, मोठ्या घरातली माणसं उठतात तसे.

धूर काळाच. शेजारच्या काकूंनी वाळत घातलेल्या कुरडया आत नेल्या.

हेड गॅस्केटची शंका आधी मिटवली. पाण्याच्या टाकीच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरायची. गॅस्केट फुटलं असेल तर एक्झॉस्टचा वायू पाण्यात येतो आणि द्रव पिवळा पडतो. दहा मिनिटं धरली. निळा तो निळाच.

मग धूर. या गाडीचा इंजेक्शनचा कॉम्प्युटर डिकीत आहे, आणि इंजिनावर किती भार आहे ते त्याला वायरीनं नाही, हवेच्या नळीनं कळतं. इंजिनातल्या व्हॅक्यूमची एक बारीक नळी अख्ख्या गाडीखालून थेट डिकीपर्यंत जाते. ती कुठे फुटली तर कॉम्प्युटरला वाटतं ॲक्सिलरेटर तळाला दाबला आहे. मागच्या सीटखाली नळी बोटानं चाचपत गेलो, एका क्लिपजवळ तिला आडवी चीर. नवी टाकली आणि धूर गेला. दोनशे रुपयांची नळी. २०१७ चा आरोपी हाच असणार.

१९ मार्च, रंगपंचमी

गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक. राजवाड्याकडे जायचा प्रश्नच नाही, बाजार बंद, उस्ताद रंगलेले. एकट्यानं रेडिएटर सोडवला. वीसेक लिटर पाणी निघालं, चहाच्या रंगाचं.

२३ मार्च

एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मध्ये दोन बोटांची फट असते. समोरून दिसत नाही, रेडिएटर काढल्याशिवाय हात जात नाही. तिथून कडुनिंबाच्या पानांचा, धुळीचा आणि तेलाचा थापलेला एक गोवरीसारखा थर निघाला, खालच्या निम्म्या भागावर. रेडिएटरवाल्यानं नळ्या उघडून दांडा फिरवला, चौदा नळ्या बंद होत्या. कूलंट भरताना गाडीचं नाक लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) उंच ठेवलं आणि सर्वात वरचं टोपण उघडं ठेवून हवा जाऊ दिली. यात हवेचा बुडबुडा अडकला तर काट्यावर पत्ता लागत नाही, आणि हेड तापून व्हॉल्व्हची सीट निखळली की मग मात्र तो कागद खरा ठरतो.

मी मनात म्हटलं, झालं काम.

३० मार्च, गुढीपाडवा

काम झालेलं नाही.

गुढी उभारली, गाडीला हार घातला, मामांना पुढे बसवलं. राऊपर्यंत छान. बायपासला लागून ऐंशीच्या वर पाच मिनिटं चालवली तर काटा मधून निघून लालाच्या दिशेला. आणि ओढच नाही. दाबलं की आवाज वाढतो, गाडी विचार करते. मागून एका स्विफ्टनं हॉर्न देऊन काढली. मामा काचेबाहेर बघत राहिले.

परतताना सावकाश आणली. वाटेत मामांनी होळकरांच्या ड्यूसेनबर्ग गाडीची गोष्ट सांगितली, जी ते निराशेच्या प्रसंगी सांगतात: यशवंतराव महाराजांनी १९३०च्या दशकात अमेरिकेहून चॅसी मागवली, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची, सुपरचार्जर लावलेली. "सिलिंडर किती?" मी विचारायचं असतं. "आठच," ते म्हणतात.

६ एप्रिल

आठवडाभर डोक्यात एकच. पाणी स्वच्छ, रेडिएटर स्वच्छ, पेट्रोल नीट, कॉम्प्रेशन उत्तम. मग उष्णता येते कुठून? दोन्ही तक्रारी, ओढ नसणं आणि तापणं, एकाच घरच्या असतील तर ते घर टायमिंगचं. ठिणगी उशिरा पडली तर पेट्रोल पिस्टन ढकलण्याऐवजी बाहेर पडताना जळतं. ताकद जाते आणि उरलेली आग हेडमध्ये आणि एक्झॉस्टमध्ये. रेडिएटरवाल्यानं कितीही नळ्या उघडल्या तरी ती विझणार नाही.

टायमिंग लाईट लावला, म्हणजे ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा; त्यात फिरत्या पुलीवरची खूण थांबलेली दिसते. खूण खाली झोपूनच पाहावी लागते, पुढच्या पुलीच्या तळाशी आहे. उस्तादांनी वरून ॲक्सिलरेटर धरला. आयडलला खूण जिथे, ३००० फेऱ्यांनाही तिथेच. ठिणगी वेगाबरोबर आधी आधी पडायला हवी, खूण सरकायलाच हवी. केसभर हलली नाही. मी खालून ओरडलो, "उस्ताद, रेस दो!" वरून उत्तर, "दे तो रहा हूँ!"

इंजिन बंद करून डिस्ट्रिब्यूटरचं (एकेका प्लगला ठिणगी वाटतो तो) झाकण काढलं. रोटर दोन बोटांनी फिरवून सोडला की थोडा फिरून स्प्रिंगनं परत यायला हवा. हा भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखा.

ही तपासणी एका मिनिटाची आहे. दोन महिन्यांपूर्वी, पहिल्या दिवशी करायला हवी होती. मी घरट्यात आणि पाईपांत रमलो.

८ ते १३ एप्रिल

डिस्ट्रिब्यूटर बाहेर. काढण्याआधी इंजिन १ए च्या टीडीसीवर (पिस्टन सर्वात वर असतो तिथे) आणलं आणि शेडच्या दारावर खडूनं फायरिंग ऑर्डर, म्हणजे ठिणग्यांचा क्रम, लिहिली:

१ए ६बी ५ए २बी ३ए ४बी ६ए १बी २ए ५बी ४ए ३बी

नीट बघितलं तर यात गंमत आहे. नुसते ए वाचले तर १-५-३-६-२-४, म्हणजे कुठल्याही साध्या सहा सिलिंडर इंजिनाचा क्रम. नुसते बी वाचले तर तोच क्रम, फक्त ६ पासून सुरू. दोन सहा-सहाची इंजिनं वेणीसारखी गुंफलेली. मामींनी दार बघून विचारलं, ही कुणाची कुंडली.

आतलं दृश्य: वरचा पोकळ दांडा खालच्या दांड्यावर टोपीसारखा बसतो, मध्ये ग्रीस. वेग वाढला की दोन वजनं बाहेर फेकली जातात आणि वरचा दांडा थोडा पुढे ढकलतात. यातलं ग्रीस खोबणीच्या उष्णतेनं शिजून लाखेसारखं झालं होतं. नखानं खरवडलं तर पापुद्रे निघाले, ब्राऊन, काचेसारखे. दोन दांडे एक झाले होते. रोटरखाली एक छोटी फेल्टची चकती आहे, तिच्यावर दर सर्व्हिसिंगला तेलाचे दोन थेंब सोडायचे असतात. चकती सुकलेली, बोट लावल्यावर भुगा. या गाडीच्या तापण्याचं आणि न ओढण्याचं मूळ म्हणजे न पडलेले दोन थेंब.

उस्तादांची घाई, हातोडीनं एक देऊ. दिली नाही. रॉकेल आणि गिअरबॉक्सचं तेल निम्मंनिम्मं करून त्यात दोन दिवस बुडवलं, मग हेअर ड्रायरनं तापवून डावी-उजवीकडे थोडं थोडं. तिसऱ्या दिवशी रात्री साडेदहाला 'टक्' झालं. वरचा दांडा हातात.

स्प्रिंगा दोन, त्यातली एक ढिली, तिचा कडीचा डोळा लांबट. उस्ताद म्हणाले घिसलेली आहे, बदलू. नाही. ती तशीच असते. सुरुवातीला एकटी घट्ट स्प्रिंग काम करते, वेग वाढल्यावर दुसरी कामाला येते. दोन्ही घट्ट लावल्या असत्या तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दांडा बारीक कागदानं नुसता चमकवला, पातळ मोलिब्डेनम ग्रीस, नवी चकती, दोन थेंब. पिकअपची (ठिणगीची वेळ हेरणाऱ्या सेन्सरची) फट पितळी फीलरनं, म्हणजे फट मोजायच्या पट्टीनं, मोजली, लोखंडी फीलर त्याच्या चुंबकाला चिकटून खोटं बोलतो.

रोटर आता फिरतो आणि सोडला की चटकन परत येतो. मामांना दोनदा फिरवून दाखवला. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः फिरवला.

२० एप्रिल

बसवलं. खूण आता ३००० ला मॅन्युअलात सांगितलेल्या जागी जाते. पण आयडलला काहीतरी बारीक खटकत होतं, उस्तादांना ऐकू येईना. हीच या इंजिनाची खोड. मारुती ८०० मध्ये एक सिलिंडर गेला तर तिसरा हिस्सा गेला, गाडी थरथरते. इथे बारातला एक गेला तरी बोनेटवर ठेवलेला चहाचा कप हिंदकळत नाही. इन्फ्रारेड थर्मामीटरनं एक्झॉस्टच्या शाखा एकेक तपासल्या. ४बी गार. प्लगवरची टोपी टेकली होती, बसली नव्हती. अंगठ्यानं दाबली, 'खट्'.

११ मे

मानपूरचा घाट. मुद्दाम दुपारी निघालो, ऊन ४० च्या वर. जाताना उतार, परीक्षा परतीच्या चढावर. ट्रकांच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये वीस मिनिटं, एसी नाही, काचा उघड्या, मामांच्या डोक्यावर ओला पंचा. काटा मधल्या रेघेच्या किंचित वर गेला आणि तिथे थांबला. वरच्या सपाटीला आलो तेव्हा मामा म्हणाले, "दाब की आता."

दाबलं. शंभरावरून पुढे जाताना आवाज होत नाही, फक्त झाडं जवळ येतात. मामांनी पंचा काढून मांडीवर घडी करून ठेवला.

महूला थांबून चहा. टपरीवाल्याचा पोरगा बोनेटमध्ये डोकावून म्हणाला, "एव्हरेज क्या देती है?" मामांनी त्याला बिस्किटाचा पुडा घेऊन दिला.

८ जून

काल शिडकावा झाला, शेडच्या पत्र्यातून पाणी थेट ड्रायव्हरच्या सीटवर. आधी पत्रा. एसीच्या कॉम्प्रेसरचं सील गळतं आहे. मागचे ब्रेक डिफरन्शियलला (मागच्या आसाच्या मधल्या गिअरपेटीला) चिकटून आत आहेत, चाकांत नाहीत. ते उघडणं म्हणजे दिवाळीची सुट्टी. फेल्टच्या चकतीवर आज दोन थेंब सोडले, तारीख दारावर खडूनं लिहिली. डावी टाकी काढून गंज बघायचा आहे, तोवर बटण उजवीवरच.